मोटारीचा शिधा : बॅटरी व हायड्रोजन यांच्या स्पर्धेचा पूर्वेतिहास

यंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्याला एक मोह सतत होत असतो. जे यंत्र अखेर टिकले त्याच्या विजयाची सारी कारणे त्याच्या अंगच्या गुणांतच होती, आणि जे मागे पडले त्याचे दोष पहिल्या दिवसापासून उघड होते, असे तो गृहीत धरून चालतो. राजकीय इतिहासात ही चूक आता कोणी सहसा करीत नाही. पानिपतचा पराभव १७६१ पूर्वीच अटळ होता असे म्हणणाऱ्यास आपण पुरावा विचारतो. यंत्रांच्या बाबतीत मात्र तसा पुरावा मागण्याची सवय आपणास अद्याप लागलेली नाही. बॅटरीवर चालणारी मोटार आणि हायड्रोजनवर चालणारी मोटार यांच्या स्पर्धेविषयी आज जे लिहिले जाते त्यात हा दोष विशेष आढळतो.

या स्पर्धेतील निकाल निदान दोनदा जाहीर झाला आणि दोन्ही वेळा तो फिरला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बॅटरीची मोटार संपली असे सर्वांनीच मानले होते. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी काँग्रेसपुढील भाषणात हायड्रोजनच्या गाड्यांसाठी १.२ अब्ज डॉलरची योजना मांडली, आणि आज जन्मणारे मूल मोठे होऊन जी पहिली गाडी चालवील ती हायड्रोजनवर चालणारी, धूर न सोडणारी असू शकेल, अशा आशयाची आशा बोलून दाखविली. ते मूल २०१९ साली सोळा वर्षांचे झाले. २०२४ या एका वर्षात जगात बॅटरीच्या (यात पेट्रोलची जोड असलेल्या, पण बाहेरून वीज भरता येणाऱ्या गाड्याही आल्या) एक कोटी सत्तर लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या. हायड्रोजनच्या सर्व प्रकारच्या मिळून, आजवर रस्त्यावर आलेल्या गाड्यांची संख्या त्या सुमारास एक लाखाच्या आसपास होती. हा पालट का झाला, याचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत शोधून मिळणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नवे यंत्र महाग, बोजड आणि बेभरवशाचे असते त्या काळात, म्हणजे त्याच्या उमेदवारीच्या काळात, त्याचा खर्च कोणी सोसला आणि त्याला रोजचा शिधा कोणाच्या कोठारातून मिळाला, हे दोन प्रश्न विचारले की या इतिहासाची बरीचशी गुंतागुंत सुटते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हायड्रोजनची जी गाडी आज चर्चेत आहे तिच्यात सहसा हायड्रोजन जाळला जात नाही. तो 'इंधन-घटा'त सोडला जातो. या घटात एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवेतील ऑक्सिजन आला असता, ज्वाला न होता त्यांचा संयोग होतो आणि वीज व पाणी मिळते. म्हणजे दोन्ही गाड्यांची चाके विजेची मोटरच फिरविते. 'विजेची गाडी विरुद्ध हायड्रोजनची गाडी' हा प्रचलित शब्दप्रयोग त्यामुळे सैल आहे. वाद आहे तो वीज कोणत्या रूपाने बरोबर न्यावयाची याचा.

कालानुक्रम पाहिला तर हायड्रोजन हा या दोघांतील वडील भाऊ ठरतो. स्वित्झर्लंडमधील ईझाक द रिवाझ याने हायड्रोजनच्या स्फोटावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट १८०७ साली घेतले. इंधन-घटाचे तत्त्व वेल्समधील स्वान्सीचा विल्यम ग्रोव्ह याने १८३९ साली प्रयोगाने दाखविले. हा गृहस्थ पेशाने वकील, पुढे न्यायाधीशही झाला. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी गास्ताँ प्लांते याने पॅरिसमध्ये सिद्ध केली ती त्यानंतर वीस वर्षांनी, १८५९ साली. असे असून बॅटरी पुढे गेली. याचे कारण, १८८० नंतर शहरोशहरी जी वीजघरे उभी राहिली त्यांना रात्रीच्या मागणीसाठी वीज साठवून ठेवणे भाग होते. भल्या मोठ्या बॅटऱ्यांचे संच वीजघरांनी विकत घेतले, त्यांचे दोष सोसले, ते सुधारून घेतले. ग्रोव्हच्या घटाला असा यजमान मिळाला नाही. तो पुष्कळ काळ प्राध्यापकांच्या मेजावरच राहिला.

बॅटरीची मोटार रस्त्यावर आली ती या वीजघरांच्या आश्रयाने. १८९९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ आशेर येथे कामीय झेनात्झी याने ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार बॅटरीवर चालणारी होती. अमेरिकेच्या १९०० च्या शिरगणतीत त्या देशात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींची नोंद आहे : वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. हे आकडे पुष्कळदा उद्धृत होतात आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. त्यांवरून विजेची गाडी लोकप्रिय होती एवढे दिसते. ती कोठे लोकप्रिय होती हे दिसत नाही.

त्यासाठी न्यूयॉर्ककडे पाहिले पाहिजे. तेथे १८९७ साली विजेच्या भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. फिलाडेल्फियाची बॅटरी तयार करणारी कंपनीच लवकर या धंद्याची धनी झाली, आणि त्यातून 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' उभी राहिली. या कंपनीची कल्पना आजच्या वाचकास आश्चर्याची वाटेल. तिला गाडी विकावयाची नव्हती, प्रवास विकावयाचा होता. गाड्या कंपनीच्या, चालक कंपनीचे. ब्रॉडवेवरील स्थानकात गाडी आली की यंत्राच्या साहाय्याने कित्येक मण वजनाची रिकामी बॅटरी काही मिनिटांत बाहेर काढून भरलेली बसवीत. घोड्यांच्या पागेची व्यवस्था विजेच्या भाषेत आणली होती म्हणा ना! १८९९ साली विल्यम व्हिटनी प्रभृती भांडवलदार त्यात शिरले, हजारो गाड्यांचे बेत झाले, अनेक शहरांत शाखा निघाल्या, त्यांतील बहुतेक लवकरच बुडाल्या, आणि १९०७ साली मूळ कंपनीचेही दिवाळे वाजले. मधल्या काळात पेट्रोलच्या मोटारीवरील सेल्डन याचे पेटंट या कंपनीच्या हाती होते. तेव्हा अखेरच्या वर्षांत विजेच्या गाड्यांची ही कंपनी पेट्रोलच्या गाड्यांवरील मानधन घेऊन जगत होती. इतिहासात असा विनोद क्वचितच आढळतो.

या प्रकरणाचे सर्वांत साक्षेपी अध्ययन डेव्हिड कर्श यांनी केले आहे. त्यांचा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. बॅटरीची गाडी तिच्या अंगभूत दोषांमुळे हरली हे मत त्यांना मान्य नाही; संस्था, भांडवल आणि व्यवस्थापन यांच्या चुका त्यांनी दाखविल्या आहेत. त्यांचा उत्तम पुरावा म्हणजे हार्टफर्ड येथील वीज कंपनीचा. या कंपनीने १९१० च्या दशकापासून १९२४ पर्यंत विजेच्या मालमोटारींना बॅटरी बदलून देण्याची सेवा चालविली, पैसे मैलांच्या हिशेबाने घेतले, आणि त्या गाड्या एकंदर साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. म्हणजे योग्य मालक मिळाला तर हीच बॅटरी चालत होती.

कर्श यांचा मुद्दा बहुतांशी पटण्यासारखा आहे. पण तो शहराच्या वेशीपर्यंतच पोहोचतो असे वाटते. हार्टफर्डच्या मालमोटारी संध्याकाळी त्याच आवारात परतत होत्या. वेशीबाहेर काय होते? १९३० सालीदेखील अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या दर दहा घरांपैकी सुमारे एकाच घरी वीज होती. उलट पेट्रोलला स्वतःची वाट पाडावी लागली नाही. दिव्यासाठी रॉकेल काढताना उरणारा तो एक ज्वालाग्राही, जवळजवळ टाकाऊ भाग होता. रॉकेल खेड्यापाड्यांत पोहोचविणारी दुकाने आणि पिंपे यांची साखळी आधीच तयार होती. १८८८ साली बेर्ता बेन्झ आपल्या मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाली, तेव्हा वाटेत वीस्लोख गावी तिने इंधन घेतले ते औषधाच्या दुकानातून. त्या औषधविक्याने मोटारीसाठी काही मांडून ठेवले नव्हते. डाग काढण्याचा द्रव म्हणून जे फडताळावर होते तेच मोटारीला चालले. उसन्या कोठारावर जगण्याची ही सोय विजेच्या गाडीला त्या वेळी शहराबाहेर नव्हती. १९०८ ची फोर्डची स्वस्त मोटार आणि १९१२ चा, हाताने दांडा फिरविण्याचे कष्ट वाचविणारा विजेचा 'स्टार्टर' या गोष्टींनी उरलेले काम केले. त्या स्टार्टरसाठी प्रत्येक पेट्रोलच्या मोटारीत शिशाची बॅटरी बसली, हेही ध्यानात ठेवावे. शत्रूच्या घरी चाकरी करून बॅटरीने आपला निर्वाह चालविला. याखेरीज इंग्लंडातील दूध घरोघर पोहोचविणाऱ्या गाड्या, कारखान्यांतील माल उचलणारी यंत्रे, पाणबुड्या, अशा मर्यादित जागी ती टिकून राहिली.

हायड्रोजनची उमेदवारी याहून वेगळ्या घरी झाली. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२३ साली केंब्रिज येथील व्याख्यानात असे भविष्य वर्तविले होते की, पुढे इंग्लंडात पवनचक्क्यांच्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन व ऑक्सिजन द्रवरूपात साठवतील. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. त्यांच्या त्या भाषणाचा उल्लेख आपल्याकडे याहून अधिक व्हावयास हवा होता. परंतु भविष्यकथनाने यंत्र तयार होत नाही. ते केले फ्रान्सिस बेकन या इंग्रज अभियंत्याने. पाणबुडीचा उपयोग मनात धरून त्याने अनेक वर्षे काम केले आणि १९५९ साली सुमारे पाच किलोवॅटचा घटसंच केंब्रिज येथे चालवून दाखविला. त्याची पेटंटे अमेरिकेत गेली, आणि अपोलो यानांत चंद्राकडे जाणाऱ्यांना वीज मिळाली ती या जातीच्या घटांपासून. पिण्याचे पाणीही त्यांतूनच मिळे.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. अंतराळयान हा यजमान अत्यंत उदार होता. त्याला किंमत विचारावयाची नव्हती, शुद्ध ऑक्सिजन त्याच्या बरोबरच होता, वाटेत इंधन भरण्याचा प्रश्न नव्हता, आणि घट काही दिवस टिकला तरी पुरे होते. म्हणजे रस्त्यावर ज्या चार अडचणी येणार त्यांतील एकही या शाळेत शिकविली गेली नाही. याची प्रचीती १९६६ साली आली. जनरल मोटर्सने 'इलेक्ट्रोव्हॅन' नावाची गाडी तयार केली. द्रव हायड्रोजन, द्रव ऑक्सिजन, ३२ इंधन-घटांचे संच आणि नळ्यांचे जाळे यांनी ती इतकी भरली की एवढ्या मोठ्या गाडीत चालक व एक सोबती यांनाच जागा उरली. वजन तीन टनांहून अधिक. सुरक्षिततेसाठी ती कंपनीच्या आवारातच फिरविली गेली. याउलट कार्ल कोर्डेश यांनी १९७० च्या सुमारास एका छोट्या ऑस्टिन मोटारीच्या टपावर हायड्रोजनच्या टाक्या ठेवून, आत इंधन-घट आणि शिशाची बॅटरी दोन्ही बसवून, ती काही वर्षे सार्वजनिक रस्त्यांवर वापरली. ते दोघांना भाऊबंद मानीत होते. आजची हायड्रोजनची प्रत्येक प्रमुख गाडी कोर्डेश यांच्याच वाटेने जाते, तिच्यातही बॅटरी असतेच. परंतु नाव आठवते ते इलेक्ट्रोव्हॅनचे.

दोन्ही तंत्रे एका व्यासपीठावर आली ती कॅलिफोर्नियात. तेथील हवेच्या प्रदूषणाला कंटाळून राज्याच्या मंडळाने १९९० साली असा नियम केला की, मोठ्या कंपन्यांनी विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के १९९८ पर्यंत आणि १० टक्के २००३ पर्यंत धूर न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. जनरल मोटर्सने १९९६ साली 'ईव्ही-१' ही बॅटरीची मोटार भाड्याने दिली. सुमारे अकराशे गाड्या निघाल्या. नियम शिथिल होत गेला. २००३ साली तर बॅटरीऐवजी थोड्या हायड्रोजनच्या गाड्या दाखवून सुटका करून घेण्याची वाट कंपन्यांना मिळाली, आणि ईव्ही-१ परत घेऊन बहुतेक चिरडण्यात आल्या. बुश यांचे भाषण त्याच वर्षीचे. राज्यपाल श्वार्झनेगर यांचा, २०१० पर्यंत 'हायड्रोजन महामार्ग' उभारण्याचा आदेश २००४ चा. हा सारा कंपन्यांचा कावा होता असे म्हणण्याची प्रथा आहे. तसे मानण्याची गरज वाटत नाही. त्या वर्षी उपलब्ध असलेल्या बॅटऱ्या पाहता हायड्रोजनवर पैज लावणारे अनेक शास्त्रज्ञ प्रामाणिक होते. त्यांची नजर चुकली ती दुसरीकडे.

ती चूक समजून घेण्यासाठी मोटारीच्या इतिहासातून थोडे बाहेर यावे लागते. लिथियमच्या बॅटरीवर स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचे काम १९७० नंतरच्या दशकात, म्हणजे तेलसंकटाच्या काळात, एका तेल कंपनीतच झाले. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डला आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ साली जपानात ते पुढे नेले. या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण १९९१ साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली ती मोटारीसाठी नव्हे, हातात धरण्याच्या चित्रीकरण यंत्रासाठी. पुढे खिशातला फोन आणि मांडीवरचा संगणक आला. फोनच्या इवल्या बॅटरीला भारी किंमत मोजण्यास लोक आनंदाने तयार होते. पंधरा वर्षे अब्जावधी ग्राहकांनी, आपण मोटारीची उमेदवारी पोसत आहोत हे न कळता, तिचा खर्च केला. २००८ साली टेस्लाची पहिली गाडी निघाली तेव्हा तिच्या पोटात ६,८३१ घट होते, आणि ते संगणकात वापरतात त्याच घाटाचे होते. बेर्ता बेन्झने औषधाच्या दुकानातून इंधन घ्यावे, तसाच हा प्रकार. २०१० साली युनिटमागे हजार डॉलरहून अधिक असलेली बॅटरीची किंमत २०२४ साली सुमारे ११५ डॉलरपर्यंत उतरली. मात्र या खर्चाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. या बॅटऱ्यांतील कोबाल्टचा निम्म्याहून अधिक पुरवठा काँगोच्या खाणींतून होत आला, आणि तेथील मजुरांनी, त्यांत मुलांनीही, जी किंमत दिली ती कोणत्याही हिशेबवहीत नाही.

शिध्याचा प्रश्नही दरम्यान उलटा झाला होता. १९०० साली वीज शहरातच होती; २००० नंतर ती भिंतीतल्या प्रत्येक छिद्रात होती. हायड्रोजनला मात्र पंप, नळ, टाक्या, सारेच नव्याने उभारावयाचे होते. हवेच्या दाबाच्या सातशेपट दाबाखाली पाच किलो वायू ठेवण्यासाठी टोयोटाच्या २०१४ सालच्या मिराई मोटारीत सुमारे ८७ किलो वजनाच्या टाक्या लागल्या. शिवाय साधे अंकगणित आहे. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास पन्नास ते पंचावन्न युनिटे लागतात. दाबण्यास आणखी काही. एवढ्या हायड्रोजनवर अशी मोटार शंभर किलोमीटर किंवा थोडी अधिक जाते. तेच अंतर बॅटरीची मोटार पंधरा ते वीस युनिटांत काटते. कॅनडातील व्हिस्लर येथे २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी हायड्रोजनच्या वीस बसगाड्या आल्या. त्यांचा हायड्रोजन देशाच्या दुसऱ्या टोकाच्या क्वेबेक प्रांतातून, चार हजारांहून अधिक किलोमीटरवरून, मालमोटारींनी आणावा लागे. २०१४ साली त्या बंद केल्या. फ्रान्समधील माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन-बसगाड्यांचा बेत २०२२ च्या जानेवारीत सोडला. किलोमीटरमागे ९५ सेंट विरुद्ध विजेच्या बसचे १५ सेंट, हा हिशेब पुढे आला होता. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजनचे पंप २०२४ च्या फेब्रुवारीत मिटविले.

तथापि या ठिकाणी आरंभी सांगितलेला मोह पुन्हा आडवा येतो. १९३५ साली बॅटरीला मृत म्हणणाऱ्याची जी चूक, तीच आज हायड्रोजनला मृत म्हणणाऱ्याची होणार नाही कशावरून? प्रस्तुत लेखकास या दोहोंत एक फरक दिसतो. त्या वेळचा बॅटरीचा दोष वजनाचा व किमतीचा होता, आणि दुसरे द्रव्य मिळताच तो बराच हटला. हायड्रोजनच्या दोषांतील किमतीचा भाग तसा हटेल. पण विजेपासून वायू आणि वायूपासून पुन्हा वीज या फेऱ्यात होणारी घट पुष्कळशी निसर्गनियमांचीच आहे, ती कमी होईल, नाहीशी होणार नाही. म्हणून ज्या वाहनाला बॅटरीचे ओझे खरोखर झेपत नाही तेथेच ही घट सोसणे परवडेल. दूरच्या पल्ल्याच्या अवजड मालमोटारी आणि जहाजे यांविषयीचा निकाल त्यामुळे लागलेला आहे असे म्हणवत नाही. आगगाड्यांविषयी जर्मनीतील लोअर सॅक्सनी प्रांताचा अनुभव जमेस धरावा : तेथे हायड्रोजनच्या १४ गाड्यांचा ताफा २०२२ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी तेथील अधिकाऱ्यांनी यापुढील खरेदी बॅटरीच्या गाड्यांची होईल असे ठरविले.

आपल्या देशात हे दोन प्रवाह विलक्षण स्पष्ट दिसतात. २०१० च्या सुमारास दिल्लीत शिशाच्या बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा दिसू लागल्या. कोणत्याही मोहिमेने त्या आणल्या नव्हत्या. रात्री घरातल्या नळीला लावून त्या भरता येत. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, तेव्हा संसदेने २०१५ साली मोटारवाहन कायदाच दुरुस्त केला. वाहन आधी आले, कायदा मागून. हायड्रोजनचा क्रम उलट आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हे तिचे उद्दिष्ट असून, खतकारखाने, तेलशुद्धी आणि पोलाद यांकडे तिचा ओढा अधिक आहे, वाहनांचा भाग त्यात लहान आहे. वरील विवेचन खरे असेल तर हा योग्यच क्रम म्हटला पाहिजे. खतासाठी हायड्रोजन आजही लागतोच, कोठार तेथे आधीपासून आहे. त्याच्या आश्रयाने वाहनाला काही मिळाले तर मिळेल.

पुणे या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर आहे. येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युत्-रासायनिक संस्था आणि शहरातील एक खाजगी कंपनी यांनी मिळून २०२० साली दहा किलोवॅटचा देशी इंधन-घट एका बॅटरीच्याच मोटारीत बसवून चालविला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये येथेच हायड्रोजनची बस दाखविण्यात आली. त्याच शहरात भेकराईनगरच्या आगारातून २०१९ पासून विजेच्या बसगाड्या रोज सुटत आहेत. या दोहोंची तुलना करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने उद्‍घाटनाच्या भाषणांत अडकू नये. हार्टफर्डचा इतिहास लिहिता आला तो मैलांच्या नोंदींवरून. किलोमीटरमागे किती युनिटे वा किती हायड्रोजन खर्ची पडला, तो हायड्रोजन कोठून व कशाने आला, गाडी वर्षातील किती दिवस दुरुस्तीत उभी होती, चालकाने दिवसपाळीच्या वहीत काय लिहिले, ही कागदपत्रे आगारांत व प्रयोगशाळांत तयार होत असतात आणि काही वर्षांनी रद्दीत जातात. ती मिळविण्याचा अर्ज आताच करावयास हवा.